साडूभाऊ आणि आठ जीबीची पट्टी

जगातली सगळी यंत्रं कपाशीच्या जिनापासून जन्माला आली, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि माझं नशीब बघा, तो नेमका माझा मोठा साडू निघाला. शिलाई मशीन, मिक्सर, डॉक्टरचं रक्तदाब मोजायचं यंत्र, काहीही पुढे ठेवा, साडूभाऊ त्याच्याभोवती एक फेरी मारणार, वाकून वास घेणार, पोटाला हात लावणार आणि म्हणणार, "आपला जिनच शे हाऊ." धुळ्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांनी छत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली. एका बाजूनं कपाशी घालायची, दुसरीकडून रुई आणि सरकी वेगळी होऊन बाहेर, एवढ्या एका कल्पनेत त्यांनी सगळं विश्व बसवून टाकलं आहे. एकदा मला पित्तानं हैराण केलं होतं, तेव्हा माझ्या पोटाचं निदानही त्यांनी याच शास्त्रानं केलं. "तू ओला माल टाकस," म्हणाले. सांगायला लाज वाटते, पण जेवणानंतरचं ताक बंद केल्यावर मला खरंच बरं वाटलं.

फॅक्टरीतल्या धडधडाटात त्यांचे कान मात्र कामातून गेले. त्यामुळे आपल्यासारखंच सगळं जग बहिरं आहे असं धरून ते बोलतात. धुळ्याहून त्यांचा फोन आला की मी मोबाईल हातभर लांब धरतो, तरी जळगावचे माझे शेजारी विचारतात, "काय, धुळ्याला सगळं ठीक ना?" अहिराणीत माणसाला अरे-तुरे करायची मोठी सोय आहे, आणि साडूभाऊंनी ती कुणालाच नाकारलेली नाही. बँकेचा मॅनेजर, डोळ्यांचा डॉक्टर, लग्नात भेटलेला आमदार, सगळे एका पंगतीला. आवाज खाली येतो तो फक्त अक्कांशी बोलताना. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. माहेर जळगावजवळच्या असोद्याचं, केळीवाल्यांच्या घरातलं. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण त्यांनी आपली धुळ्याकडची बोली सोडली नाही आणि अक्कांनी आपली असोद्याची. दोघं आपापल्या बोलीत मनसोक्त भांडतात आणि दमले की चहा घेतात.

माझी त्यांची पहिली भेट मी जन्मात विसरणार नाही. मुलगा बघायला म्हणून सासरची मंडळी आमच्या घरी आली होती. मी नवीन शर्ट घालून, मान खाली घालून बसलो होतो. शाळेत लिपिक आहे, कायम आहे, सुपारीसुद्धा खात नाही, असं वडील सांगत होते. साडूभाऊंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते वर छताकडे बघत होते. चहा आला, पोहे आले, तरी मान वरच. शेवटी सासऱ्यांनी विचारलं, "काय जावईबापू, कसं वाटतं?" तेव्हा साडूभाऊ म्हणाले, "पोरगा ठीक शे. पंखा बेकार शे." आणि स्टूल मागवून वर चढले. माझं लग्न ठरत असताना माझे भावी साडू पंख्याची पाती हातात घेऊन स्टुलावर उभे होते आणि माझी आई पोह्यांवर ताट झाकत फिरत होती. पंखा पुढे बावीस वर्षं चालला हे मान्य करायला हवं, पण त्या दिवसापासून तो फक्त पाच नंबरवरच चालायचा. थंडीतसुद्धा.

त्यांनी काही दुरुस्त केलं की दोन-चार स्क्रू उरतातच. याचं त्यांना काडीचं वाईट वाटत नाही. "कंपनीवाला घाबरट राह्यतस, जास्तीना टाकतस," हे त्यांचं उत्तर. उरलेले स्क्रू श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत जातात आणि डब्यांवर नावं असतात: मोठा मिक्सर, छोटा मिक्सर, शेजारची शेगडी, पाव्हना. शेवटचा डबा माझा. माझ्या स्कूटरमधून त्यांनी वेळोवेळी जेवढे स्क्रू काढले ते त्यात आहेत, आणि त्यांच्याशिवाय ती स्कूटर मी अकरा वर्षं देवाच्या भरवशावर चालवली. त्यांची दुसरी ठेव म्हणजे कानस. लोक खिशात रुमाल ठेवतात, हे कानस ठेवतात. बोटभर लांबीची, त्रिकोणी, लाकडी मुठीची. न बसणारी वस्तू या जगात नाही, घासायचा कंटाळा करणारी माणसं मात्र उदंड आहेत, असं त्यांचं तत्त्वज्ञान. त्या कानशीनं त्यांनी घराच्या कड्या बसवल्या, अक्कांच्या पाटल्या सैल केल्या, आणि एकदा तर माझी नवी चप्पल चावते म्हटल्यावर तिच्यावरही हात चालवला. त्यानंतर ती चावली नाही, कारण पायातच राहिना.

आता त्यांच्या कॉम्प्युटरकडे येतो. भाचीला, म्हणजे साडूभाऊंच्या लेकीला, इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घेतलेला तो जुना डेस्कटॉप. भाची शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन जर्मनीला गेली. कॉम्प्युटर धुळ्यातच राहिला. साडूभाऊंनी त्याला रुईच्या गाठीचं कापड आणून झूल शिवली. रोज सकाळी झूल काढायची, पाठीमागून फुंकर मारायची, चालू करायचा, थोडा वेळ नुसताच गरम होऊ द्यायचा आणि बंद करायचा, असा नेम. "उभा यंत्र बिघडस," म्हणायचे. पण दर रविवारी त्याला खरं काम असायचं. साखरेनं अक्कांचे डोळे खाल्ले आहेत. मोठं आणि उजेडातलं असेल तेवढंच त्यांना दिसतं. भाचीचा व्हिडिओ कॉल फोनवर घेतला की त्या नुसत्या आवाजाच्या दिशेनं हसत राहायच्या. कॉम्प्युटरच्या त्या भल्याथोरल्या पडद्याला नाक लावलं की मात्र लेकीचा चेहरा दिसायचा. म्हणून रविवारचं बोलणं तिथेच.

गेल्या वर्षी भाचीला मुलगी झाली. अक्कांच्या तब्येतीमुळे जर्मनीला जाणं शक्यच नव्हतं. बारसं तिकडेच ठरलं, एका रविवारी, आपल्याकडचे दुपारचे चार. आणि नेमका त्याच सुमारास कॉम्प्युटर अडायला लागला. भाची बोलता बोलता पडद्यावर तोंड उघडं टाकून गोठायची ती पाच-पाच मिनिटं. भाची त्याच धंद्यातली, तिनं सांगितलं, "नाना, त्यात रॅम फार कमी आहे. मेमरीची मोठी पट्टी बसवा, नाहीतर सरळ नवा घ्या." नवा घ्या म्हटल्याबरोबर साडूभाऊ भडकले. "चालता यंत्र भंगारमा टाकणारा माणूस उद्या बायकोलेबी टाकी," म्हणाले. मी आपलं सुचवलं, फोन टीव्हीला जोडू. तर अक्का म्हणाल्या, "टीव्ही यायनं दुरुस्त केला." म्हणजे तोही मार्ग बंद.

रॅम म्हणजे काय, हे मी त्यांना समजावायला गेलो. शाळेची पगारबिलं मी कॉम्प्युटरवर करतो, त्यामुळे नात्यात माझी उगाचच ख्याती आहे. पण त्यांनी मलाच समजावलं. म्हणाले, "देख पाव्हना, गोदाम मोठं शे. पण जिनसमोरला ओटा बारका शे. माल ठेवाले जागाच नही, मंग जिन काय करी? ओटा वाढावना." शाळेत आलेल्या प्रशिक्षणवाल्या बाईंनी दोन दिवस शिकवूनही मला जे कळलं नव्हतं ते या माणसानं चार वाक्यांत सांगितलं. मग अक्कांकडे वळून म्हणाले, "बारसाले तुले नातनं तोंड परातीएवढं दाखाडस." अक्का म्हणाल्या, "दाखवा बापा. फोनात तं मले पोर चिंचोक्याएवढी दिसते." एवढं बोलून त्या उठल्या आणि बारशाला नेसायचं लुगडं काढून ठेवलं. बारशाला अजून बारा दिवस होते.

साडूभाऊ धुळ्याच्या बाजारात गेले आणि दुकानदाराला म्हणाले, सगळ्यात नवी पट्टी दे. कोणत्या मशीनला, असं त्यानं विचारलं तर म्हणाले, "मशीन मी पाहस, तू पट्टी दे." घरी येऊन बघतात तर पट्टीची खाच आणि कॉम्प्युटरमधला खाचेचा दात जुळेना. पट्टी नवीन जातीची, कॉम्प्युटर जुन्या जातीचा. दोन्हींच्या खाचा मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या असतात, चुकून एकीच्या जागेत दुसरी बसू नये म्हणून. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. साडूभाऊंनी कानस काढली. कंपनीनं खाच चुकीच्या जागी पाडली आहे असा निकाल देऊन त्यांनी खिडकीपाशी उजेडात बसून दीड तास ती पट्टी घासली. खाच इतकी सुबक पाडली म्हणता, की कंपनीच्या खाचेपेक्षा ती उजवी दिसत होती. पट्टी बसली. वरून एक चापट मारली. बटण दाबलं.

मी शाळेत होतो. फोन आला, मी सवयीनं हात लांब केला.

"पाव्हना, धूर निंघना."

"कशातून?"

"ओट्यामाईन."

"अक्कांना सांगितलंत?"

"नही." आणि पहिल्यांदाच मला मोबाईल कानाला लावावा लागला, इतका त्यांचा आवाज बारीक झाला. "तिनी लुगडं काढी ठेयेल शे रे पाव्हना."

मेमरीच्या दोन जागांपैकी एक जळाली होती, दुसरी शाबूत होती. त्यांनी जुनी पट्टी आणि घासलेली पट्टी, दोन्ही रुईत गुंडाळून जेवणाच्या डब्यात घातल्या आणि डबा जळगावच्या बसमध्ये कंडक्टरच्या हाती दिला. आमच्याकडे डबे, औषधं, लग्नपत्रिका असंच सगळं येतं-जातं. तो डबा घेऊन मी जळगावात जुने सुटे भाग विकणाऱ्या एका शेठजींकडे गेलो. शेठजी मूळचे राजस्थानकडचे, तीन पिढ्या जळगावात, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी घासलेली पट्टी भिंगाखाली धरली आणि उलटसुलट करून बघितली.

"साहेब, हे कुणी केलं?"

"माझ्या साडूंनी."

"दातांचे डॉक्टर आहेत का?"

"फिटर."

त्यांनी पट्टीला हात जोडले. मग आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा आणून त्यातून जुन्या जातीची आठ जीबीची पट्टी शोधून दिली. "खाच जुळते. बाकी चालेल का ते लावल्यावर कळेल," म्हणाले. "आणि साहेब, एक विनंती. ही घासलेली माझ्याकडे राहू द्या. काचेच्या कपाटात ठेवतो. असं काम आता कुणी करत नाही." मी दिली. साडूभाऊंना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले, ते आजतागायत आहेत.

बारशाच्या रविवारी सकाळीच मी बसमध्ये बसलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, मांडीवरचा डबा मी दोन्ही हातांनी धरलेला. शेजारच्या बाईंनी विचारलं, "पेढे का?" मी म्हटलं, "बारसं आहे." खोटं काही बोललो नाही. धुळ्यात पोचलो तर साडूभाऊंनी जय्यत तयारी केलेली. जमिनीवर चादर, तिच्यावर हत्यारं ओळीनं, कॉम्प्युटरच्या डब्याला हळदकुंकू. आतली धूळ रंगाच्या ब्रशनं झाडून झालेली. कानस मात्र कुठे दिसेना. ती त्यांनी स्वतः होऊन अक्कांच्या कपाटात कुलूपबंद केली होती.

"तू बसाड," ते मला म्हणाले. "तुना हात हलका शे."

आता खरं सांगतो. आजवर मी या माणसाची एवढी टिंगल केली, पण त्या दिवशीचं पाप माझं आहे. पट्टी बसते त्या जागेच्या टोकाला एक प्लास्टिकची खुंटी असते, पट्टी नीट आत गेली की ती खुंटी तिला धरून ठेवते. मी घाईला आलो. पट्टी पुरती बसायच्या आधीच खुंटी रेटली. टक्कन आवाज झाला आणि खुंटी माझ्या हातात आली.

स्वयंपाकघरातून अक्का ओरडल्या, "काय तुटलं हो?"

साऱ्या दुनियेचं ऐकू न येणाऱ्या माणसाला हे मात्र बरोबर ऐकू आलं. "काही नही व," साडूभाऊ म्हणाले, "खडीसाखर फोडी राह्यनूत." मग माझ्याकडे बघून हळूच, "जुनं प्लास्टिक शे. तुनी चूक नही." त्यांनी मला दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या तुटलेल्या खुंटीबद्दल अक्कांना आजही ठाऊक नाही.

कॉम्प्युटर चालू झाला, आणि झाला तो असा की आम्ही बघतच राहिलो. पूर्वी चहा पिऊन व्हायचा तरी उघडायचा नाही, तो झटक्यात उघडला. साडूभाऊंनी माझ्या पाठीत धपाटा घातला. चार मिनिटांनी पडदा काळा. पट्टीला धरणारं काही नव्हतं. पंख्याच्या थरथरीनं ती केसभर वर यायची आणि संपलं. सुतळी बांधली. सुतळी सैल पडली. रबर लावलं. रबर तुटलं. कपड्यांचा चिमटा लावला, तो उडून देवघरात गेला. घड्याळात सव्वातीन झाले. अक्का नवं लुगडं नेसून, कुंकू ठसठशीत लावून, खुर्ची पडद्याला भिडवून बसल्यासुद्धा. मी साडूभाऊंना बाजूला घेऊन म्हटलं, "भाऊ, भाचीला सांगू, नंतर व्हिडिओ पाठव म्हणून. ही पट्टी दुरुस्त करून मग दाखवू." ते म्हणाले, "नाव एकदाच ठेवतस रे." आणि टेबलामागे जाऊन, मांडी घालून, कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यात हात घालून बसले. अंगठा पट्टीवर. पडदा लागला तो हललाच नाही. मी म्हटलं, मी धरतो, तुम्ही पुढे बसा. मला दोन मिनिटं धरू दिलं. घामानं माझा अंगठा सरकला, पडदा गेला. "सरक," म्हणाले. मी सरकलो.

चार वाजता कॉल आला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग भाचीची सासू, मग पाळण्याच्या झालरी, आणि मग एकदम ते तोंड. परातीपेक्षाही मोठं. दिवसभर अखंड बोलणाऱ्या अक्का खुर्चीतून पुढे वाकल्या. नाक पडद्याला लागायचंच काय ते बाकी होतं. मग हळूच म्हणाल्या, "माय व! केवढे डोये!" दोन्ही हात पडद्यावरून फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तेवढ्यानं भागेना म्हणून स्वतःच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि पडद्याच्या काचेवरच तीट लावली. पोर हलली की तीट कधी गालावर, कधी नाकावर, कधी जावयाच्या कपाळावर. भाची हसत होती, रडतही होती. मध्येच तिनं विचारलं, "नाना कुठेत?" टेबलामागून एक डावा हात वर आला आणि जिनिंगच्या आवाजात गर्जना झाली, "आठेच शे! चालू द्या!" पाळण्यातली पोर दचकून दोन्ही मुठी उडवायला लागली. मग आत्यानं वाकून तिच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत बुक्के घातले, पाळणा हलला. चाळीस मिनिटं चाललं सगळं. मी खुर्चीमागे उभा होतो. मला पडदाही दिसत होता आणि टेबलामागचे साडूभाऊही. ते मान वाकवून त्या डब्यात बघत होते. एकदाही त्यांनी वर पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी त्यांना दिसली असती ती पडद्याची पाठ.

कॉल संपला. अक्कांनी पदरानं डोळे पुसले. बाहेर भाजीवाल्याची हाक आली, गेली.

"व्हयनं का?" टेबलामागून आवाज आला.

"झालं," अक्का म्हणाल्या.

"नाव काय ठेवं?"

मी खिडकीकडे तोंड केलं. अक्कांनी मोठ्यानं सांगितलं, "ईरा!"

"एवढंसंच?"

"तुम्हाले मोठं काय कराचं? हाक मारता आली म्हणजे झालं."

 मग त्यांनी विचारलं, "हासनी का?"

अक्का उठल्या. टेबलाच्या कडेला हात लावत लावत, चाचपडत मागे गेल्या आणि नव्या लुगड्यासकट त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "हासली ना," म्हणाल्या. "आधी मोठी जांभई दिली. मंग इकडं तिकडं पाह्यलं. मंग हासली. डाव्या गालाले खयी पडते." साडूभाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत होते. कॉम्प्युटरचं काम कधीच संपलं होतं, पण अंगठा तिथेच होता, पांढराफटक पडलेला, आणि तो काढा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

आणि अक्कांनी जांभईपासून पुन्हा सुरुवात केली.